पिंपावरचा बाळकृष्ण

चिनी मातीतलं मला काही कळत नव्हतं तोवर आमचं घर सुरळीत चाललं होतं. बरणीत लोणचं असायचं, कपात चहा असायचा, आणि स्वयंपाकघरात काही खळ्ळकन वाजलं की ते माझ्याच हातून पडलं असं गृहीत धरून माझी बायको सुनंदा केरसुणी-सुपली घेऊनच यायची. चौकशी वगैरे भानगड नव्हती. मला घरी चहा स्टीलच्या पेल्यात मिळतो. पाहुण्यांसमोरसुद्धा. तर असा हा माणूस निवृत्तीनंतर मुलीकडे, मुग्धाकडे, जर्मनीत ड्रेस्डेनला गेला, तिथे एका दुपारी धो धो पाऊस लागला, छत्री ट्राममध्ये राहिली, आणि भिजत भिजत समोर जे पहिलं दार दिसलं त्यातून आत शिरला, तर ते दार निघालं झ्विंगर राजवाड्यातल्या पोर्सिलेन संग्रहालयाचं. २० हजारांच्या आसपास नाजूक नग, आणि आवारातल्या एका मंडपावर टांगलेल्या घंटासुद्धा चिनी मातीच्या! सुनंदाने दारातच माझी पिशवी, पाण्याची बाटली आणि स्वेटर काढून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधायला सांगितले.

हात मागे बांधले की वाचण्यावाचून गत्यंतर नसतं. पाट्या वाचत गेलो आणि एका राजाच्या प्रेमात पडलो. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस, ज्याला लोक ‘बलवान’ म्हणत, तो पोर्सिलेनपायी इतका खुळावला होता की १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० सैनिक देऊन टाकले आणि बदल्यात १५१ चिनी नग आणले. त्यातल्या मोठाल्या निळ्या-पांढऱ्या बरण्या अजून त्या सैनिकांच्याच नावाने ओळखल्या जातात. “आपल्याकडे बदल्यात द्यायला काय आहे गं?” मी सुनंदाला विचारलं. ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

त्याहून जवळचा वाटला तो ब्योटगर. हा बर्लिनमधल्या औषधाच्या दुकानातला उमेदवार पोरगा. आपल्याला सोनं करता येतं अशी त्याने थाप मारली, ती प्रशियाच्या राजाच्या कानावर गेली, म्हणून हा पळाला, तर ऑगस्टसने पकडून डांबून ठेवला आणि म्हणाला, कर सोनं. सोनं कुठून होणार! शेवटी चिर्नहाउस नावाच्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तो मातीच्या प्रयोगांना लागला आणि १७०८-०९च्या सुमाराला युरोपात कोणाला न साधलेली गोष्ट त्याने करून दाखवली: चीनमध्ये होते तशी पांढरीशुभ्र, टणक पोर्सिलेन. १७१० साली कारखाना निघाला, आणि गुपित फुटू नये म्हणून तो माइसेनच्या टेकडीवरच्या किल्ल्यात नेऊन ठेवला. गुपित काही वर्षांतच व्हिएन्नाला पोचलं. ब्योटगर १७१९ साली वारला, अवघ्या ३७व्या वर्षी. थाप मारून अडकायचं आणि मग सुटकेसाठी थापेपेक्षाही अवघड काम अंगावर घ्यायचं, हे दुःख ज्याने ‘मिक्सर मीच दुरुस्त करतो, माणूस कशाला बोलवायचा’ असं सासुरवाडीत सांगितलेलं आहे त्यालाच कळेल. मिक्सर अजून बंद आहे. सासुरवाडीचाही आणि आमचाही.

पण माझा खरा घात केला तो देवांनी. पुढच्या दालनात ज्युपिटर, ज्युनो, नेपच्यून, व्हीनस अशी मंडळी वीतभर उंचीची होऊन कपाटात उभी होती. १७३१ साली माइसेनला केंडलर नावाचा शिल्पकार नोकरीला लागला, तो १७७५ साली मरेपर्यंत तिथेच राहिला, आणि त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ग्रीक-रोमन देवांचा सबंध दरबार मातीत उतरवला. हे देव देवळासाठी नव्हते. पूजा तर केव्हाच बंद झालेली. हे होते जेवणाच्या टेबलावर मांडायला. आधी राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत आचारी साखरेचे देव, साखरेची देवळं, साखरेच्या बागा करून टेबलाच्या मधोमध मांडायचे, म्हणजे संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांचीच तऱ्हा, फक्त अंगावर घालायच्या ऐवजी ताटासमोर. मग पोर्सिलेन आली आणि साखरेच्या जागी ती बसली. ब्र्यूल म्हणून ऑगस्टसच्या मुलाचा मंत्री होता, त्याच्यासाठी केंडलरने १७३७ पासून काही वर्षं खपून दोन हजारांहून जास्त नगांचा एक जेवणाचा संच केला, त्यावर हंस, मासे, जलपऱ्या आणि गॅलॅटिया नावाची समुद्रकन्या. कारखान्याचा प्रमुखही ब्र्यूलच होता. बिल मागायची छाती कोणाची? सुनंदाला मात्र प्रश्न पडला तो वेगळाच. “एवढी भांडी घासायला बाया किती ठेवल्या होत्या?”

मला ते टेबल डोळ्यांपुढे दिसायला लागलं. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवतात आणि मग माणसं जेवतात. तिकडे देवांना मधोमध उभं करायचं, त्यांच्या देखत तितराच्या तंगड्या तोडायच्या, आणि एकानेही देवाला ‘घ्या थोडं’ म्हणायचं नाही! हे मला फार लागलं. नेपच्यूनच्या चेहऱ्यावर तर मला स्पष्ट भूक दिसली. शिवाय बहुतेक देव कशाला ना कशाला टेकलेले. कोणाच्या पाठीशी झाडाचा बुंधा, कोणाच्या पायाशी खडक. बिचारे थकलेत, असं मी जरा मोठ्याने म्हणालो, तेव्हा शेजारच्या घोळक्यातल्या मार्गदर्शक बाईंनी अत्यंत सौजन्याने इंग्रजीत समजावलं, की हात, पाय, मुंडकं असं सगळं वेगवेगळ्या साच्यांतून काढून पातळ मातीने जोडतात, मग ते १४०० अंशांच्या भट्टीत जातं, तिथे माती मऊ पडते आणि साधारण एक षष्ठांशाने आटते. बुंध्याचा आधार नसेल तर देव गुडघ्यात वाकतो. तेव्हापासून घरकामाच्या वेळी मी भिंतीला टेकून उभा दिसलो की सुनंदाला भट्टीचं कारण सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून मी तज्ज्ञ झालो. मुग्धाने ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तकं आणून दिली, जावयाने चष्म्याला दोरी लावून दिली. माइसेनची खूण म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. १७२०च्या दशकापासून ही खूण प्रत्येक नगाच्या बुडाशी हाताने रंगवतात, तीही चकाकी चढवण्याआधी; म्हणजे ती काचेच्या थराखाली कायमची बंद होते. तलवारींवर आडव्या रेघा कोरलेल्या असल्या तर समजावं, माल दुय्यम ठरवून काढलेला आहे. एवढं ज्ञान मिळाल्यावर माणूस गप्प बसतो का? मी दिसेल ती बशी उलटी करायला लागलो. हॉटेलात केली, जावयाच्या साहेबांकडे केली, आणि मुग्धाच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी आम्हाला मोठ्या प्रेमाने कॉफीला बोलावलं, घरचा आलुबुखाराचा केक केला, जुन्या कपाटातून खास कप काढले, ते सोनेरी काठाचे कप पाहून माझा ऊर भरून आला, आजी काहीतरी युद्धाच्या काळातलं सांगत होत्या, मुग्धा ते मराठीत करून सांगत होती, सगळ्यांचे डोळे पाणावले होते, आणि अशा त्या हळव्या क्षणी मी तलवारी बघायला कप उलटा केला.

भरलेला.

तलवारी होत्या, हे मला आवर्जून सांगायचंय. आजींनी नंतर मला कॉफी जाड काचेच्या मगात दिली. प्रगत देशांतही काही गोष्टी स्त्रियांना आपोआप कळतात.

माइसेनला एक दिवस लोकल गाडीने जाऊनही आलो. कारखान्याच्या दुकानात एका छोट्या मदनाची किंमत वाचली आणि दशांश चिन्ह कुठे राहिलं ते शोधत बराच वेळ उभा राहिलो. राहिलेलं नव्हतं. मग मुग्धा म्हणाली, बाबा, दर शनिवारी एल्बे नदीच्या काठी, आल्बर्ट पुलाजवळ जुना बाजार भरतो, तिथे बघा. तिथे जुने बिल्ले, वाकडे चमचे आणि तोंड नसलेल्या बाहुल्या यांच्या गर्दीत एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मला तो दिसला: गुटगुटीत, उघडाबंब, डोक्यावर पानांचं वेटोळं, एका हातात घोस, दुसऱ्या हातात वाटी, आणि बसलाय एका पिंपावर. बाखुस! द्राक्षांचा, मद्याचा आणि एकूण धिंगाण्याचा रोमन देव, बालरूपात. थोरल्या देवांना असं बाळसेदार करून विकायची तेव्हा फॅशनच होती, आणि माइसेनच्या आसपास एल्बेकाठी द्राक्षमळे आहेत, म्हणजे स्वारी स्थानिकच म्हणायची. थरथरत्या हाताने उलटा केला. निळ्या तलवारी! जन्मात आल्याच्या चहापलीकडे कडक काही न घेतलेल्या माणसाला त्या क्षणी जे चढलं ते अजून उतरलेलं नाही.

विक्रेत्याने ४० युरो सांगितले. मी १५ म्हणालो. त्याने मान हलवली. मी तुळशीबागेतला हुकमी डाव टाकला, म्हणजे तोंड वाकडं करून पाठ फिरवली आणि चालू लागलो. तुळशीबागेत चार पावलांवर हाक येते. इथे चार पावलं झाली, आठ झाली, चमचेवाला गेला, बिल्लेवाला गेला, बाजार संपला, पूल आला. मागे कोणी हाक मारेना आणि आपण होऊन वळायची मला लाज वाटत होती, असं करता करता मी पूल ओलांडून पलीकडे गेलो. परत आलो तेव्हा विक्रेता डबा उघडून शांतपणे सॅंडविच खात होता. त्याने मला ओळखलं. ४० युरो. जुन्या वर्तमानपत्राचा कागद फुकट मिळाला, तेवढीच सूट.

आणायचा कसा, हा पुढचा घोळ. नेपल्सच्या चार्ल्स राजाने, ज्याची बायको या ऑगस्टसचीच नात, १७४३ साली कापोदिमोन्तेला असाच कारखाना काढला होता, आणि १७५९ साली स्पेनची गादी मिळाल्यावर जाताना तो कारागिरांसकट, मातीसकट माद्रिदला उचलून नेला. त्याला कोणी बॅगेचं वजन विचारलं नाही. मला मात्र सुनंदाने नातेवाइकांच्या चॉकलेटांतून तसूभर जागा दिली नाही, म्हणून बाखुसबाळ माझ्या लोकरी विजारीत गुंडाळून हातातल्या पिशवीतून निघाला. विमानतळावरच्या यंत्राच्या पडद्यावर विजारीच्या आत एक मूल स्पष्ट दिसत होतं. पुढची वीसेक मिनिटं मी ज्या अधिकाऱ्यांना बाखुस म्हणजे कोण हे अभिनयाने समजावत होतो, त्यांनी शेवटी मला फुंकायच्या यंत्राकडे न्यायचं तेवढं ठेवलं.

कोथरूडला पोचलो. मी शोकेसमधलं वरचं फळकूट पुसायला घेतलं, आणि तेवढ्यात पिशवी आईने उघडली. आईचं वय झालंय, पण देवाच्या बाबतीत नजर तल्लख. “अगं बाई, बाळकृष्ण आणलास होय रे माझ्यासाठी!” तिने त्याला छातीशी धरलं. पिंप तिला लोण्याचा डेरा दिसला, वाटीत लोणी होतंच, पानं म्हणजे वनमाला. घोसाने ती क्षणभर अडखळली. मी श्वास रोखला. “द्राक्षं आहेत,” ती म्हणाली, “म्हणजे नाशिकचा असणार.” तिचं माहेर नाशिकचं.

“आई, हा जर्मनीचा आहे,” मी चाचरत म्हणालो. “मग? माझ्या आजीच्या फडताळात होता की जर्मनीचा कृष्ण, यशोदेच्या मांडीवरचा. फुटला तेव्हा म्हातारी जेवली नाही दिवसभर.” मला वाटलं आईच्या आठवणींची गुंतागुंत झालीय. मग वाचलं तर बाई बरोबर! गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कारखाने हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकांसाठी खरोखरच आपले देव पोर्सिलेनमध्ये करून पाठवत, नमुन्याला रविवर्म्याची छापील चित्रं. आणि ती चित्रं तरी कोण छापत होतं? मुंबईत १८९४ साली सुरू झालेला रविवर्म्याचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी ज्यांच्यापुढे हात जोडले त्यांतले कितीतरी देव जर्मनांच्या हाताखालून आलेले. आता या इतिहासापुढे मी एकटा काय बोलणार? बाखुस देवघरात गेला. गव्हाच्या चिकाने त्याच्या डोक्याला मोरपीस लागलं. अठराव्या शतकापासून टेबलावर ताटकळलेल्या त्या खानदानाला पहिल्यांदाच कोणीतरी ‘घे रे बाळा’ म्हणालं, हे मला मनातून आवडलंही होतं, पण तो मूळचा कशाचा देव आहे हे आईला सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि एकादशीला तर मी देवघराकडे बघायचंच टाळायचो.

माझ्या ओळखीचे एक जुन्या वस्तूंचे दर्दी गृहस्थ आहेत. त्यांच्यासमोर मिरवायचं म्हणून एका दुपारी आईचा डोळा लागल्यावर मी बाळाला हळूच उचलून आणला, तलवारी आणि काचेचा थर यावर पाऊण तास बोललो, चकाकीखालची खूण जगात कशानेही जात नाही हे तीनतीनदा बजावलं, आणि मग नाट्यपूर्ण रीतीने त्याला उलटा केला. बूड कोरं करकरीत. दर्दी गृहस्थांनी भिंग काढलं, मग ते पुसून परत खिशात ठेवलं आणि पोहे छान झालेत म्हणाले.

आई मागे येऊन उभी होती. “तलवारी होत्या होय त्या? मला वाटलं कावळ्याच्या पायाचा डाग. पितळेच्या देवांबरोबर चिंच-मीठ लावून रोज घासत होते. निघाला बाई एकदाचा!” वरून रंगवून चिकटवलेल्या लबाड तलवारी मी भिंग आणि पुस्तकं घेऊन ओळखू शकलो नव्हतो. आईने चिंचेने ओळखल्या. तेही नकळत.

यानंतर मी पोर्सिलेनवर बोलणं बंद केलं असतं, पण गोकुळाष्टमी आली. “त्याला तिकडे काय आवडायचं रे?” आईने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “द्राक्षांचा... रस.” श्रावणात द्राक्षं कुठली? मंडईत हिंडून मी काळ्या मनुका आणल्या. आईने त्या चतुर्थीलाच मध-साखरेच्या पाण्यात पितळी झाकण लावून भिजत घातल्या आणि पातेलं फ्रिजच्या मागे, ऊबेला ठेवून दिलं, कारण फ्रिजमधलं देवाला चालत नाही. अष्टमीच्या रात्री सोसायटीतल्या बायका जमल्या, पाळणा सजला, मी तीर्थाचं पातेलं आणायला गेलो आणि झाकण उघडलं तर आतून फसफस आवाज. नाकाला वास आला. बाखुस कामाला लागला होता!

बाहेर काकू, मामी, व्यसनमुक्तीवर व्याख्यानं देणारे तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा, सगळे ओंजळी पुढे करून बसलेले. ओतून द्यावं तर देवाचं तीर्थ मोरीत कसं ओतणार? वाटावं तर सोसायटीत तोंड कसं दाखवणार? सुनंदाला हाक मारली तर ती पाळण्याची दोरी धरून बसलेली. तेव्हा एका जबाबदार सुपुत्राने अशा वेळी जे करावं ते मी केलं. निम्मं पातेलं उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि उरलेल्यात तांब्याभर पाणी घातलं.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. आत्मविश्वास खूप वाटत होता हे आठवतं. मी पाळण्याशेजारी उभा राहून, या वेळी भिंतीला न टेकता, सोन्याची थाप मारून कैदेत पडलेल्या पोराची गोष्ट सांगितली, ६०० सैनिक देऊन टाकणारा राजा सांगितला, भट्टीत गुडघ्यात वाकणाऱ्या देवांचा साभिनय प्रवेश केला, उपाशी नेपच्यूनबद्दल बोलताना माझा गळा दाटला आणि मामींनी पदर डोळ्यांना लावला. अण्णांनी तीर्थ दोनदा मागून घेतलं आणि टाळ्यांचा ठेका धरला. सकाळी उठलो तेव्हा डोकं ठणकत होतं आणि सुनंदा स्टीलच्या पेल्यात लिंबूपाणी घेऊन उभी होती.

“कीर्तन झकास झालं म्हणतायत सगळ्या,” ती म्हणाली. “पुढच्या अष्टमीचं आईंनी तुझं नाव आत्ताच घातलंय. आणि मनुका जरा जास्त आणायला सांगितल्यात.”